ब्रुनोला लेझर द्यावा का? आधी दुखतंय कुठं ते पाहू

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. ब्रुनो तुमचा काळा लॅब्रॅडॉर, वय ११ वर्षं, वजन ४१ किलो. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय लटपटतात, जिना चढताना तो मध्येच थांबतो, सोफ्यावर चढणं तर सोडूनच दिलंय. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी दिली, त्याने बरं वाटलं, पण रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) वाढलेलं दिसल्यावर गोळी थांबवावी लागली. आता आठवड्याला दोन अशी सहा लेझर सिटिंग सुचवली आहेत. याने खरंच फरक पडतो का, कुत्र्याला त्रास होतो का, आणि ऑनलाइन मिळणारं हातात धरायचं मशीन घेऊन घरीच केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतोय, त्यातली शेवटची नऊ वर्षं दवाखान्यात लेझर आहे. माझं उत्तर: ब्रुनोसारख्या पेशंटला लेझर जरूर द्यावा. मात्र दुखणं नेमकं कुठं आणि कशाचं आहे, हे हाताने तपासून आणि एक्स-रे काढून आधी नक्की झालेलं हवं. तुमच्या पत्रात एक्स-रेचा उल्लेख कुठंच नाही, म्हणून हे इतक्या सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा भीतीचा मुद्दा. लेझर म्हटलं की लोकांना कापणं, जाळणं आठवतं. ऑपरेशनचा लेझर वेगळा. तो पेशी जाळून चिरतो. दुखण्यावरचा लेझर पेशीला जाळत नाही, तो तिला प्रकाश पुरवतो. याचा शोधही असाच अवचित लागला. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर बनवला. सात वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे मंद रूबी लेझर सोडून पाहिला. याने कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कॅन्सर झाला नाही. उलट लेझर मिळालेल्या उंदरांचे केस दुसऱ्या उंदरांपेक्षा लवकर उगवले.

आत काय घडतं, याबद्दल आज बहुतेकांना मान्य असलेलं स्पष्टीकरण असं आहे. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं. तांबडा आणि तांबड्याच्या पुढचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश, म्हणजे साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा, ते शोषून घेतं. त्याला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पेशीचं काम मोकळं होतं आणि ती जास्त एटीपी, म्हणजे स्वतःचं इंधन, बनवते. सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडने आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. सूज वाढवणारी रसायनं कमी होतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा काही वेळ मंदावतात. झिजलेली कूर्चा मात्र यातून परत येत नाही. ब्रुनोचा खुबा पुन्हा दोन वर्षांच्या कुत्र्याचा होणार नाही. त्याच्या भोवतीची सूज, आखडलेले स्नायू आणि ठणका कमी होईल, आणि अकराव्या वर्षी तेवढंही फार मोठं असतं.

प्रत्यक्ष सिटिंग कसं असतं ते सांगतो. माझ्याकडे तेरा वर्षांची एक गावठी कुत्री येते, चंपी. कंबरेच्या मणक्यांत झीज आहे. टेबलावर उचलून ठेवलेलं तिला आवडत नाही, म्हणून खाली गादी टाकतो आणि मीही मांडी घालून बसतो. गळ्यातला पट्टा आणि पितळी बिल्ला काढतो, कारण धातूवरून प्रकाश उसळतो. तिच्या डोळ्यांवर जाड काळा रुमाल, मला आणि तिला धरणाऱ्या आजोबांना त्या तरंगलांबीचे खास चष्मे. पंखा मंद, दार बंद. प्रोब, म्हणजे मशीनचं प्रकाश सोडणारं टोक, कंबरेला टेकवला की आधी तिची कातडी थरथरते, कान मागे जातात. दोन-तीन मिनिटांत खालचा ओठ सैल पडतो, मग एक लांब उसासा, आणि डोकं आजोबांच्या मांडीवर. प्रोब मी एका जागी थांबू देत नाही, कणीक मळताना तळहात फिरावा तसा संथ फिरवत राहतो. तिला फक्त ऊब जाणवते. याच वेळी माझा दुसरा हात पाठीवर असतो आणि कुठल्या मणक्याशी स्नायू अजून दगडासारखा आहे ते बोटांना कळतं. पुढच्या वेळी कुठं जास्त वेळ द्यायचा, हे त्यावरून ठरतं.

ब्रुनो काळा आहे, हे तुम्ही डॉक्टरांना दिसतंच आहे म्हणून सोडून देऊ नका, मुद्दाम बोला. काळे केस आणि काळी कातडी प्रकाश जास्त शोषते. त्यामुळे आत कमी पोचतो आणि वर उष्णता जास्त होते. मशीन घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात एका काळ्या लॅबच्या कोपरावर मी पांढऱ्या कुत्र्याला वापरतो तीच पॉवर ठेवली होती. त्याने पाय झटकन ओढून घेतला. भाजलं नव्हतं, पण कातडी हाताला चांगली गरम लागली. तेव्हापासून गडद कुत्र्यांना पॉवर कमी, वेळ जास्त आणि हात अधिक चालता, हा माझा नियम आहे. दाट केस निम्म्याहून जास्त प्रकाश वरच अडवतात, तेव्हा खुब्यावरचे केस बारीक मशीनने काढायला नाही म्हणू नका. लॅबचे केस पुन्हा येतात.

आता डोस. माझ्या मते या उपचाराचं यशापयश इथेच ठरतं, आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. एक वॉटचं मशीन एका सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा देतं. वरवरच्या जखमेला दर चौरस सेंटिमीटरला दोन ते चार ज्यूल पुरतात, खोल सांध्याला आठ-दहा लागतात, कधी त्याहून जास्त. ब्रुनोच्या एका खुब्याभोवतीचा भाग १५ बाय १५ सेंटिमीटर धरा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. त्याला आठने गुणलं की १८०० ज्यूल झाले. सहा वॉटच्या मशीनला त्यासाठी ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं लागतील. अर्ध्या वॉटच्या मशीनला पूर्ण एक तास. तुम्ही ज्याबद्दल विचारलंय तशी हातातली मशीनं बऱ्याचदा १०० मिलिवॉटच्या आसपासची असतात. त्याला पाच तास लागतील, तेही एका खुब्याला! घरी तुम्ही दहा मिनिटं फिरवणार, खुब्यापर्यंत काहीच पोचणार नाही, आणि लेझरने फरक पडत नाही असं तुमचं मत होऊन बसेल. कानामागचा छोटा ओरखडा किंवा पंजावरची वरवरची जखम यासाठी लहान मशीन ठीक, लॅबच्या खुब्यासाठी नाही. शिवाय पाचशे मिलिवॉटच्या आतलं मशीनसुद्धा डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतं. प्रकाश अदृश्य असल्याने पापणी मिटत नाही. दिसणारा लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो. घरात लहान मुलं असतील तर हा विषय इथेच बंद करा.

म्हणून दवाखान्यात बिनधास्त विचारा: मशीन किती वॉटचं, एका खुब्याला एकूण किती ज्यूल देणार आणि किती वेळ लागणार? ज्यांचा हात बसलेला आहे ते डॉक्टर लगेच सांगतील, बहुतेक केसपेपरवर लिहिलेलंच असेल. अख्ख्या कुत्र्यावरून दोन मिनिटं प्रोब फिरवून सिटिंग संपत असेल, तर ते मशीन कितीही महागडं असो, डोस झालेला नाही. आणि जास्त दिलं की जास्त गुण, असंही नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की परिणाम उलट कमी होतो.

संशोधन काय म्हणतं? खरं सांगायचं तर चित्र मिश्र आहे आणि ते तुम्हाला माहीत असावं. मणक्याची गादी सरकून मागचे पाय गेलेल्या ३६ कुत्र्यांवर २०१२ साली अभ्यास झाला. ऑपरेशननंतर ज्यांना लेझर मिळाला ते साधारण साडेतीन दिवसांत पायावर येऊ लागले, बाकीच्यांना चौदा दिवस लागले. आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता. मग २०१७ मध्ये तशाच ३२ कुत्र्यांवर दुसरा अभ्यास झाला आणि त्यात काही फरक आढळला नाही. कोपराच्या सांधेदुखीवर २०१८ चा एक छोटा अभ्यास आहे. त्यात लंगडणं कमी झालं आणि वेदनाशामक गोळ्याही कमी करता आल्या. ॲलर्जीने पंजे खाजवणाऱ्या कुत्र्यांना लेझरने खाज कमी झाली नाही. जखमांच्या बाबतीत काही अभ्यासांत लवकर भरल्या, काहींत तेवढाच वेळ लागला. प्रत्येकाचा डोस वेगळा, तरंगलांबी वेगळी, हेही त्यामागचं एक कारण आहे. माझा स्वतःचा अनुभव सांधेदुखी आणि पाठदुखीत सगळ्यात चांगला आहे. पावसाळ्यात किडे पडून आलेल्या जखमांवरही मी वापरतो, पण किडे काढून, सडलेलं मांस काढून, जखम धुऊन झाल्यावर. धुण्याचं काम लेझर करत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो, ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक ग्रेट डेन माझ्याकडे आला. पुढच्या उजव्या पायाने लंगडत होता, मनगटाच्या थोडं वर सूज होती. आधीच्या ठिकाणी संधिवात म्हणून आठ लेझर सिटिंग झाली होती. पहिल्या तीन-चार सिटिंगना घरच्यांना बरं वाटलं, मग सूज वाढली. एक्स-रे एकही नव्हता. मी सुजेवर बोट ठेवलं तर ती सांध्यावर नव्हतीच, हाडावर होती, आणि इतका मोठा शांत कुत्रा त्या एका बोटाने कळवळला. एक्स-रेत हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं पोखरलेलं दिसलं. हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातींत तो नेमका याच जागा धरतो: पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. लेझरने तो झाला असं मी म्हणणार नाही. पण कॅन्सरच्या गाठीवर लेझर द्यायचा नाही, हा या उपचाराचा पहिला नियम आहे, आणि इथे तर दीड महिना हातातून गेला होता. त्या घरातल्या काकू मला एकच विचारत होत्या, की आधी फोटो काढला असता तर? मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा ताई, ब्रुनोचे दोन्ही खुबे, गुडघे आणि कंबर यांचे एक्स-रे काढून घ्या. नीट फोटोसाठी थोडी गुंगी द्यावी लागेल. क्रिएटिनिन वाढलेलं असल्याने गुंगीचं औषध कोणतं आणि सलाईन किती, हे डॉक्टर त्या हिशेबाने ठरवतील. तुम्ही त्याच्या छातीखाली लिंबाएवढी मऊ गाठ असल्याचं ओझरतं लिहिलंय. लॅबमध्ये अशा गाठी बहुतेक चरबीच्या असतात, तरी सुईने नमुना घेऊन तपासा, आणि निकाल येईपर्यंत तिच्या आसपास लेझर फिरवू देऊ नका. तसाच तो डोळ्यांवर, गळ्यातल्या थायरॉइडवर, वृषणांवर, रक्त वाहत असलेल्या जागी आणि गाभण मादीच्या पोटावर द्यायचा नसतो. पिल्लांच्या हाडांच्या वाढत्या टोकांवरही आम्ही टाळतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास फसवते, ती म्हणजे गोचीड ताप. आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा, अंग किंचित गरम, खाणं कमी, असं लंगडणं दिसलं की मी आधी रक्ततपासणी करून प्लेटलेट बघतो. त्या सांध्यांना डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं, लेझर नाही. ब्रुनोचं दुखणं कायम मागच्याच पायांचं आहे, पण गोचीड निघतात असं तुम्ही म्हणता, तर ही तपासणीही उरकून टाका.

गोळी बंद झाली म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतं, त्यात ब्रुनोचं मूत्रपिंड आधीच कुरकुरतंय. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. गिधाडं त्यानेच संपत आली, हे तुम्ही वाचलं असेल. मांजरं असणाऱ्यांनी तर पॅरासिटामॉल घरात कुठं ठेवलंय यावरही लक्ष ठेवावं. एका गोळीने मांजर दगावतं. ब्रुनोसाठी गॅबापेंटिनसारख्या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंड पाहून त्याचा डोस कमी ठेवता येतो, आणि लेझरबरोबर ते चांगलं जमतं. नुसत्या लेझरवर इतकं जुनं दुखणं सोपवू नये, असं मला वाटतं.

वजन आणि फरशी, या दोन गोष्टींवर मी प्रत्येक घराशी भांडतो. नर लॅबचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. वजन सहा टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं दिसतं, असं अभ्यासात आढळलंय. ब्रुनोच्या बाबतीत म्हणजे अडीच किलो. चहाबरोबरची बिस्किटं आणि उरलेली तूप लावलेली पोळी आजपासून बंद, त्या जागी काकडी, गाजर, उकडलेला दुधी. आजी-आजोबा गुपचूप देत असतील तर त्यांनाच गाजराचा डबा सांभाळायला द्या. माझ्या अनेक पेशंटांच्या घरी हे चाललंय. आणि ती चकचकीत फरशी! आपल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे तीच असते. उठताना कुत्र्याचे मागचे पाय तिच्यावर फाकतात आणि दुखऱ्या खुब्याला दिवसातून वीस वेळा हिसका बसतो. सकाळी दिलेला लेझर दुपारपर्यंत असा वाया जातो. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंजी, जुनी योगा मॅट, रबरी पायपुसणी, जे असेल ते सलग टाका. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस काढा. तासभर एकदम फिरवण्यापेक्षा दहा मिनिटं तीनदा फिरवा. जिन्यावर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरा.

मांजरवाल्यांसाठी दोन ओळी. मांजर लंगडत नाही, ते उड्या मारणं सोडतं. ओट्यावर थेट न जाता आधी स्टुलावर चढायला लागलं, कंबरेवरचे केस गुंतायला लागले, नखं वाढून गादीत रुतायला लागली, तर सांधे तपासून घ्या. मांजरांना सिटिंग छोटी ठेवतो आणि त्यांच्याच टोपलीत, घरच्या चादरीवर देतो.

फरक पडला का, हे डोळ्यांवर सोडू नका. आपण पैसे आणि जीव दोन्ही लावलेले असतात, त्यामुळे थोडंसं काही झालं तरी बरं वाटतंय असंच दिसतं. नुसती नावाची गोळी दिलेल्या लंगड्या कुत्र्यांच्या मालकांनाही सुधारणा दिसल्याची नोंद आहे, आणि डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. म्हणून उद्या सकाळी मोबाइलवर तीन व्हिडिओ घ्या: झोपेतून उठताना, बसल्याचा उभा राहताना, आणि मोकळ्या जागेत दहा पावलं चालत जाऊन परत येताना बाजूने. तिसऱ्या आणि सहाव्या सिटिंगनंतर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा घ्या. शिवाय लिव्हरपूल विद्यापीठाची लोड नावाची तेरा प्रश्नांची सांधेदुखीची प्रश्नावली आहे. डॉक्टरांकडून ती घेऊन तुम्हीच आधी आणि नंतर भरा आणि गुण ताडून पाहा. पहिल्या सिटिंगनंतर एक-दोन दिवस तो थोडा जास्त सुस्त किंवा दुखरा वाटला तर घाबरू नका, डॉक्टरांना कळवा, ते पुढचा डोस कमी करतील.

माझ्याकडच्या बहुतेक खुब्याच्या पेशंटांत काही होणार असेल तर तिसऱ्या-चौथ्या सिटिंगपर्यंत चाहूल लागते. सहाव्यापर्यंत व्हिडिओत आणि गुणांत काहीच हललं नाही, तर मी स्वतः थांबवतो. डोस तपासतो, एक्स-रे पुन्हा बघतो, आणि पैसे व्यायाम किंवा पाण्यातल्या चालण्याकडे वळवायला सांगतो. फरक पडला तर आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला एक असं लांबवत न्यायचं. पावसाळ्यात आणि थंडीत अंतर पुन्हा कमी करावं लागतं. दहा-बारा सिटिंगचं पॅकेज आधीच भरू नका, सहाचंच घ्या.

एक्स-रे झाले की त्यांचे फोटो आणि क्रिएटिनिनचा नेमका आकडा इथेच खाली टाका. खुबा आणि कंबर यांतलं जास्त दुखणं कोणाचं, ते पाहून सांगतो. तोवर सतरंजी आजच अंथरा.